मॅच आणि आमचं शांत घर

रविवार, ८ जून. सकाळी.
फुटबॉलचा वर्ल्ड कप शनिवारपासून, आमचं सगळं गाव एकाच टीमच्या मागे. म्हणून ही नवी वही. कारण, सर्व्हेअर.
हा विमा कंपनीचा माणूस आठवड्यातून दोनदा माझ्या गॅरेजात ठोकलेल्या गाड्या तपासायला येतो, चहा पितो आणि ज्ञान देतो. काल म्हणाला, मोठ्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे गाड्या जास्त येतात, आणि माझी बहीण कॅज्युअल्टीत नर्स आहे, तिच्याकडे बायका. गाडीवाले म्हणतात मध्येच खांब आला, बायका म्हणतात दार लागलं.
मी म्हटलं, उगाच खेळाला बदनाम करू नका. पंचवीस वर्षं मॅच बघतोय, बघताना घेतोही, आणि आमचं घर बघा. म्हणाला, बघायला बोलावलंत कधी? विषय बदलला.
पण ठरवलं. स्वतःवरच प्रयोग. मॅच, निकाल, पेग, घरातली परिस्थिती. वही कोणाला दाखवायची नाही, निष्कर्ष तेवढा सर्व्हेअरच्या तोंडावर मारायचा. हातात पाना घेऊन वर आलेला माणूस मी. मोजमाप मला कोणी शिकवू नये.
संकल्प: दोन पेग. तेही हाफ टाइमनंतर.

शनिवार, १४ जून. संध्याकाळी ५.
मॅच सहाला. ही काचेचे ग्लास आणि बशा माळ्यावर चढवतेय, स्टीलची भांडी खाली काढतेय. विचारलं तर म्हणाली, साफसफाई. मागच्या वर्ल्ड कपलाही हिला साफसफाई सुचली होती. पोरगी मैत्रिणीकडे अभ्यासाला निघाली. कॉलेजात गेल्यापासून फार अभ्यासू झाली आहे, विशेषतः मॅचच्या दिवशी.

रविवार, १५ जून. सकाळी ११.
हरलो. ०-२. पेग: दोन. (हाफ टाइमच्या आधीचे तीन धरलेले नाहीत, नियम नंतरच्यांना होता.) घर: शांत.
हिच्या मनगटाला क्रेप बँडेज. काय झालं विचारलं. माझ्याकडे बघून म्हणाली, दार लागलं.
या घराची दारं एकदा बघून घ्यायला हवीत. सुताराला फोन केला.

मंगळवार, १७ जून.
सुतार आला. सगळी दारं उघडून मिटून बघितली. म्हणाला, साहेब, लोण्यासारखी चालतायत, पैसे कशाचे घेऊ? हल्ली कारागिरांना काम नको असतं.
काल गॅरेजात आठ गाड्या. एरवी सोमवारी चार. सर्व्हेअरने भुवया उडवल्या. म्हटलं, रस्ते खराब. तेवढ्यात मिस्त्री बोलला. हा माझा सगळ्यात जुना माणूस, पत्र्यावरून हात फिरवून अपघात सांगतो. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, मार बंपरच्या वर बसतो. नाही मारला तर सरळ बंपरवर. म्हणाला, आठातल्या सहांनी ब्रेक मारलेलाच नाही, समोर काय आहे ते त्यांना दिसलंच नसणार.
त्याला कोणी विचारलं नव्हतं.

बुधवार, १८ जून.
ही आज बोलली. म्हणाली, एक मॅच न पिता बघून दाखवा. एकच. नाहीतर फायनल झाली की मी पोरीला घेऊन आईकडे जाते, परत यायला नाही. हे सगळं आवाज न चढवता. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाका सांगावं तसं.
मला हसू आलं. एकच ना? डाव्या हाताचं काम.
संकल्प: शनिवारी लिंबू सरबत.

रविवार, २२ जून. दुपारी.
सरबत अर्धा तास टिकलं. मुद्दाम नोंद करतो, पूर्ण अर्धा तास. मग रेफ्रीने त्यांना अशी पेनल्टी दिली की त्या रेफ्रीच्या आईनेही एक पेग घेतला असता. हरलो. १-२. बर्फ संपला म्हणून गाडी काढली. ही म्हणाली, दोन मिनिटांवर दुकान आहे, चालत जा. घेतल्यावर मी उलट जास्त जपून चालवतो, हे हिला पंचवीस वर्षांत समजलेलं नाही.
कोपऱ्यावर टेम्पो उभा होता. एरवी नसतो.
आज सुट्टी असून गॅरेज उघडलं आणि स्वतःच बंपर ठोकत बसलो. तेवढ्यात मिस्त्री उगवला, डबा राहिला होता म्हणे. गाडीपाशी आला, वाकला, बंपरवरून हात फिरवला. आणि काही न बोलता डबा घेऊन गेला.
माझे कान तिखट आहेत. तो जे बोलला नाही ते स्पष्ट ऐकू आलं.

सोमवार, ३० जून.
बुधवारची जिंकलो म्हणून टिकलो, शनिवारी बरोबरी, तरी शूटआउटवर पुढे गेलो. बरोबरी वाईट. माणूस ना धड आनंदात, ना धड दुःखात, हात आपोआप बाटलीकडे जातो. पेग: मोजणं अवघड झालं.
आज जिन्यात खालच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, भाऊ, परवा तुमच्याकडे टीव्हीचा आवाज फार होता हो. मी माफी मागितली. चूक मान्य करण्यात कमीपणा नाही. घरी येऊन हिला सांगितलं, टीव्ही हळू ठेवत जा. ही म्हणाली, टीव्ही मी हाफ टाइमलाच बंद केला होता.

शनिवार, १२ जुलै.
सेमीफायनल जिंकलो. (गडबडीत नोंद राहिली.) उद्या फायनल. आतापर्यंतच्या नोंदींवरून निष्कर्ष: दोष हरण्याचा आणि बरोबरीचा. जिंकल्यावर कुठल्याही घरात काही होत नाही.
हिने बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. मी बघितली, ते तिने बघितलं.
उद्या कोरडं. या वेळी खरंच.

सोमवार, १४ जुलै. दुपारी.
जिंकलो. आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत एक थेंब नाही. ही शेजारी बसून होती, आधी माझ्याकडे बघत, मग चक्क मॅच बघत. एका गोलला तिने टाळीही वाजवली. हे सगळं खरं आहे, पोरीला विचारा.
अट पूर्ण. अट मॅच न पिता बघण्याची होती, मॅचनंतरचं त्यात काही नव्हतं. शिट्टीनंतर घेतली ती आनंदाची.
मग म्हटलं, चला, तिघं गाडीतून एक चक्कर मारू, सगळं गाव रस्त्यावर आहे. पोरगी दारात उभी राहिली, किल्ली मुठीत. म्हणाली, बाबा, नको. किल्ली घेताना तिच्या बोटाला लागलं. किल्लीला धार असते.
एकटाच गेलो. दुभाजकावर चढलो. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं आणि लायसन्स ठेवून घेतलं. पोलीसही जिंकल्याच्या आनंदात होते, पण उपयोग झाला नाही.
घरी आलो तर पलंगाखाली बॅग नव्हती. पोरीचं बोट मोडलंय, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या. हिने फोन घेतला नाही.

गुरुवार, १७ जुलै.
विचार करून पाहिला. सर्व्हेअरचं बरोबर होतं. दोष मॅचचाच. हरा, जिंका, बरोबरी करा, माणसाला काही होतं ते मॅचमुळे. मी त्यातला एक बळी. हे त्याला मोकळेपणी सांगितलं, हातही पुढे केला. त्याने हात हातात घेतला नाही. म्हणाला, बहिणीला विचारलं होतं मी. ती म्हणते, मॅच नसते त्या दिवशीही कॅज्युअल्टी उघडीच असते.
बहिणीला फारसा अनुभव नसावा.
हिने शेवटी फोन घेतला. म्हटलं, आता चार वर्षं वर्ल्ड कप नाही. कारणच संपलं. ये. म्हणाली, पोरीची परीक्षा आहे, आईकडे जागा नाही, म्हणून येते. तुमच्यासाठी नाही.
कशासाठी का असेना.

रविवार, २० जुलै.
आल्या. पोरगी डाव्या हाताने लिहायचा सराव करतेय. घर शांत. संकल्पाची गरजच नाही.

गुरुवार, २४ जुलै.
पाचवा दिवस. शांत. टीव्हीवर कापड टाकलं आहे. गॅरेजात पायी जातो, तब्येतीला चांगलं. मिस्त्री आज स्वतःहून बोलला, चहा घेणार का म्हणाला.

शनिवार, २६ जुलै. सकाळी ९.
काल लायसन्स सहा महिने रद्द झाल्याचं पत्र आलं. सहा महिने. संध्याकाळी थोडी घेतली. पत्रावरून हिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, की दिलं नाही, आठवत नाही. हिच्या चष्म्याची एक काच फुटली. हल्ली काचा पातळ येतात.
आज सात वाजता दोघी निघाल्या. या वेळी बॅगा तीन, पोरीची पुस्तकंही घेतली. ही जिना उतरून गेली. पोरगी दारात थांबली.
म्हणाली, बाबा, काल कोण हरलं?
मी म्हटलं, काल मॅच नव्हती.
ती म्हणाली, हो ना. आणि गेली.