ओलेत्याचा मान

१२ नोव्हें., बुध.
अंघोळ झाली आणि खाज सुरू. पाणी अंगावरून उतरलं की कातडीखाली सुया. पुरळ नाही, लाली नाही, म्हणून कोणाला पटत नाही. देवापुढे बसलो, पण नाम धड घेता आलं नाही. सौ. म्हणते साबण बदला. तिसरा झाला.

१४ नोव्हें., शुक्र.
रक्ताच्या डॉ. मॅडम. द्वारका चौकात जाम, उशीर. माझा हा रक्ताचा कर्करोग हळू चालतो, हे त्या दर वेळी सांगतात. जणू पेढे वाटायचेत. आज खाजेचं विचारलंच. म्हणाल्या, बिघडलेल्या रक्तपेशी उगाच निरोप धाडत राहतात आणि शरीराच्या पहाऱ्याला उठवतात. सायटोकाइन म्हणतात त्या निरोपांना. खाज, झोपेतला घाम, थकवा, सगळं त्यातलंच. निरोप दाबायची गोळी दिली. गुण कधी? सांगता येत नाही म्हणाल्या.

१७ नोव्हें., सोम.
सायखेड्याहून आई आली. पिशवीत गुळवेल, प्रतिकारशक्ती वाढवायला. मॅडमनी काढे बंद सांगितलेत. आईला समजावलं, शरीराचा जागल्या आधीच विनाकारण ओरडतोय, त्याच्या हाती आणखी ढोल कशाला?
"जागल्या ओरडतो म्हून तर घर राहतं. तुला लय कळतंय."
काढा घेतला नाही. वाया नको म्हणून तिनेच प्यायला, माझ्याकडे बघत.

२१ नोव्हें., शुक्र.
खंडोबाचा घट बसला. आमच्यात चंपाषष्ठीला थोरल्याने गार पाण्याने अंघोळ करून, अंग न पुसता, ओलेत्याने पूजा करून तळी भरायची. वडिलांमागे मान माझा. यंदा पुसून बसू का, एवढंच आईला विचारलं.
"देवाम्होरं कोरडा बसणार? मंग संजय बसंल."
संजय धाकटा. त्याच्यावर राग नाही. पण तिने त्याला फोनही करून टाकला. देवाला माझी खाज कळते, आईला…

२५ नोव्हें., मंगळ.
दोन रात्री उशी कोरडी आहे. गोळी लागू पडतेय की काय. खाज मात्र आहे. मॅडमना फोन केला. कोमट पाणी घ्या, अंग टिपून घ्या, म्हणाल्या. ओलेतं म्हणजे काय ते सांगता सांगता मीच वैतागलो.

२६ नोव्हें., बुध., चंपाषष्ठी
संजय पहाटेच आला, धोतर घेऊन. म्हणाला, "दादा, तू म्हणशील तसं." मला काय म्हणायचंय ते मलाच कळेना. आईने घटापुढे दोन पाट मांडलेत. कोणाचा कुठला, विचारलं तर भंडारा चाळत बसली आहे. संजय अजून कोरडाच. गार पाण्याची बादली भरली आहे. जातो.