अब्बांचा जवाब

गोंदिया,
मार्च १९५५

प्रिय इद्रीस,

हे पत्र मराठीत पाहून तुला नवल वाटेल. आपण दोघे भाऊ आजवर उर्दूतच लिहीत आलो. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर अब्बांना वाचता येतं की नाही याचा मला नीट अंदाज नाही, आणि हे त्यांनी वाचू नये असं वाटतं. त्यांना मराठी कधीच वाचता आलं नाही, आणि तिकडे पाकिस्तानात, सैदपूरच्या रेल्वे कॉलनीत तुझ्याखेरीज ते कोण वाचणार?

अब्बांची जीभ गेली असं मी तुला कळवलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. त्यांना 'पाणी' म्हणता येत नाही, माझं नाव घेता येत नाही. पण ताट पुढे ठेवलं की 'बिस्मिल्लाह' स्वच्छ निघतं. पाणी पिऊन झालं की 'अल्हम्दुलिल्लाह'. कौलांवर माकडं नाचली की 'लाहौल'. दूधवाल्या देवकाबाईची नात दिसली की 'माशाअल्लाह'. परवा सुरई फुटली, तेव्हा मयतीला म्हणतात ते 'इन्ना लिल्लाहि' अगदी पूर्ण म्हणाले. डॉक्टर म्हणतात, जन्मभर घोकलेलं राहतं, नवं जुळवता येत नाही. म्हणजे आत माणूस तोच आहे आणि त्याला बाहेर यायला एवढीच काय ती दारं उरली आहेत. कधी ते माझ्याकडे पाहून काहीतरी सांगायची खटपट करतात, ओठ थरथरतात, आणि शेवटी 'बिस्मिल्लाह' एवढंच निघतं. मग ते स्वतःच चिडून भिंतीकडे तोंड फिरवतात.

कॉलेजात असताना हेच शब्द म्हणजे नुसती सवय आहे, असं मी अम्मीशी वाद घालून म्हणायचो. आता आमचं घर याच शब्दांवर चालतं. अवघडले की ते 'अस्तग़फ़िरुल्लाह' म्हणतात; त्यातल्या कोणत्याला कूस बदलायची आणि कोणत्याला भांडं आणायचं, ते फक्त मला कळतं. म्हणून मी शाळा आणि घर यांपलीकडे कुठे जात नाही. बहिणीसारखं करणारी शेजारीण आहे, पण ती पाणी देते तेव्हा त्यांना उशी हवी असते. वर्गात एकदा खडू उचलताना मी मोठ्यानं 'बिस्मिल्लाह' म्हटलं. पोरं हसली. मलाही हसू यायला हवं होतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस, 'अब्बांना माझा सलाम सांग, आणि जमेल तसा ते जवाब देतात का ते कळव. दिला तर ईदला येतो, नाहीतर येण्यात अर्थ नाही.' तुझं म्हणणं मला समजतं. ज्या माणसानं आपल्याला शिकवलं की 'सलाम का जवाब वाजिब है, उधार नहीं रखते', जो भिकाऱ्याचा सलामही रिकामा परत पाठवत नसे, तो फलाटावर, तू निघताना सलाम केलास तेव्हा, तुझ्या तोंडाकडे पाहत गप्प उभा राहिला. फाळणीच्या वेळी त्यांना न विचारता तू पाकिस्तानची रेल्वे निवडलीस, याचा तो राग होता. गाडी सुटली तरी ते बोलले नाहीत.

पत्र आल्यापासून रोज त्यांच्या कानाशी सांगत होतो, 'अब्बा, इद्रीसने सलाम कहा है.' ते डोळे मिटत. मागून देवकाबाई उंबऱ्यातून ओरडायची, 'सलाम बुढा!' आणि ते लगेच 'व अलैकुम अस्सलाम' म्हणत. एकदा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, 'काऊन बुढा, माह्या सलामाले जवाब देतेस न सख्ख्या पोराच्या सलामाले मुका होतेस? असा कोनता बाप रायते?' अब्बांनी 'लाहौल' म्हटलं. ती म्हणाली, 'माकड मी का तू?' अब्बांचा डावा गाल हलला. ते हसले असावेत.

गेल्या जुम्म्याला त्यांना न्हाऊ घालून बसवलं आणि तुझा सलाम सांगितला. तेवढ्यात देवकाबाईनं उंबऱ्यातून 'सलाम बुढा!' अशी हाक दिली. अब्बा जरा थांबले, आणि मग म्हणाले, 'व अलैकुम अस्सलाम.' डोळे उघडे होते. पण ते ना माझ्याकडे पाहत होते, ना दाराकडे. मी देवकाबाईला विचारलं, हा तुमचा जवाब होता की इद्रीसचा? ती म्हणाली, 'मास्तर, तोंडातून निंगला ना? मले नाई पाह्यजे, पोराले देऊन टाका. कायले तोलून राहिले?'

तिचं बरोबर असेल. मी रोजनिशीत 'जवाब मिळाला' असं लिहिलं, आणि खोडलं. पुन्हा लिहिलं. मला तो जवाब तुझ्यासाठीच होता असं वाटतं. पण असं वाटण्यात माझा फायदा आहे, आणि ज्यात माझा फायदा आहे ते मला ऐकू आलं, यावर मी किती विश्वास ठेवू? तसं लिहिलं तर तू येशील. आणि इथे उंबऱ्यात उभा राहून सलाम केलास आणि ते पुन्हा गप्प राहिले तर? तेव्हा तू कोणाकडे पाहशील, मला माहीत आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाला मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. हे पत्र मी दुसऱ्याच कारणासाठी लिहायला बसलो आणि इतका वेळ अब्बांच्या आड लपलो. इद्रीस, मला सुटका हवी आहे. मागच्या आठवड्यात त्यांना भरवताना ते खोकले, आणि ते थांबेपर्यंत माझा हात त्यांच्या पाठीवर गेलाच नाही. मी नुसता बघत होतो. पुढे खोकला थांबला, 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि मी घास दिला. ते काही बोलू शकत नाहीत, म्हणून हे कोणाला कळलेलं नाही. व्हिसा थोड्या दिवसांचाच मिळतो म्हणतात; मिळेल तेवढ्याचा काढ. अब्बांनी बोलावलं असं समजू नकोस. मी बोलावतो आहे. मला एकट्याला त्यांच्यापाशी ठेवू नकोस.

तुझाच,
बडेभाई