तिसऱ्या झेंड्याचा कोपरा

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते आणि तुमच्या शोकसभेला मी मुद्दाम आले नाही. अख्खी शाळा आली, गाव आलं, आमच्या बौद्धवस्तीतलेही चार जण आले. असा शिस्तीचा मास्तर पुन्हा मिळायचा नाही, असं सगळे म्हणाले म्हणे. मी घरात बसून लसूण सोलत होते. आई म्हणाली, "जात न्हाईस का? तुझ्यावर लई जीव व्हता सरांचा." मी पोट दुखतंय म्हणाले. पोट काही दुखत नव्हतं. मला तुमचा राग होता, आणि सात वर्षं झाली तरी तो आहे तसाच आहे. गेलेल्या माणसाबद्दल लोक सांभाळून बोलतात. मी बोलणार नाही. तुम्ही तरी माझ्या आईबद्दल कुठे सांभाळून बोलला होतात?

मी आता शिक्षिका आहे, आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढच्या एका वाडीवर. आईला माझ्याकडेच आणलंय, तिच्या शिलाई मशीनसकट. गेल्या आठवड्यात शाळेत छापील तक्ते आले, त्यात एक देशाच्या झेंड्यांचा होता. आजचा तिरंगा आणि त्याआधीचे पाच, ओळीनं. मी तो भिंतीला लावला आणि मागे सरून बघितलं, तर तिसऱ्या झेंड्याच्या कोपऱ्यात इंग्रजांचा झेंडा. बारीक, लाल-पांढरा-निळा, जिथे असायला हवा बरोबर तिथेच. सहावीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, आपल्या झेंड्यात इंग्रजांचा झेंडा कसा वो?" आणि मी तिला म्हणाले, "तेव्हा मागणी तेवढीच होती. आमचा कारभार आम्हाला करू द्या, राज्य तुमचं राहू दे. इतिहास आवडला नाही म्हणून त्याला कात्री लावायची नसते." हे वाक्य तुमचं, सर. शब्दाला शब्द तुमचं. माझ्या तोंडून ते निघालं याचा मला इतका संताप आला की पुढचा तास मी धड घेऊ शकले नाही.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली ते वर्ष तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही ते आठवणीत ठेवण्यासारखं करायला निघाला होतात. बाकीच्या शाळा पताका लावतील, प्रभातफेरी काढतील, लाडू वाटतील. आपली शाळा सहाही झेंडे कापडाचे करून दाखवेल. चित्रं नकोत, कापडच हवं. तुमच्याकडे एक जाड पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी सातवीत, चित्रकलेत बरी, आणि माझी आई ब्लाऊज शिवायची; दोन्ही गोष्टी तुमच्या सोयीच्या होत्या. तुम्ही मला मधल्या सुट्टीत बसवून पुस्तकातली एवढीशी चित्रं मोठ्या कागदावर काढायला लावलीत, कारण आईला वाचता येत नव्हतं, कागदाच्या मापावर कापड ठेवून कापता मात्र सुरेख यायचं. तिसऱ्या झेंड्यापाशी मी अडले. लाल-हिरवे पट्टे, सात तारे, चंद्रकोर हे सगळं जमलं, पण तो कोपरा म्हणजे तिरप्या पट्ट्यांवर तिरप्या पट्ट्या. मी म्हणाले, "सर, एवढा कोपरा सोडला तर? आईला लई अवघड जाईल." तुम्ही छडी टेबलावर आपटलीत आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं ते कात्रीचं वाक्य म्हणालात. माझे कान तापले. तरी मला तुम्ही आवडला होतात, हे सांगायला आता लाज वाटते. वाटलं, असा माणूस खोट्याला कधी मान डोलावणार नाही.

आमचं मशीन स्वयंपाकघरातच होतं, चुलीपासून हातभर लांब, कारण उजेडाची खिडकी तेवढी एकच. आईनं ब्लाऊजं मागे ठेवली. लग्नाच्या घरची माणसं येऊन बोलून गेली, तरी तिनं झेंडेच धरले. शाळेचं काम आहे, देशाचं आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लाल कापड तुम्ही दिलंत, पांढरं दिलंत, निळं विसरलात. ते आमच्याकडे होतं, चौदा एप्रिलच्या झेंड्यांमधून उरलेलं. त्यातूनच तिनं कोपऱ्याचे निळे तुकडे कापले, लाल-पांढऱ्यातून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, आणि माझ्या कागदावर मांडून मांडून जोडल्या. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा पट्ट्या नेमक्या मध्यात भेटल्या, तेव्हा ती मशीनवरून उठली आणि चहा टाकला. सहाव्या झेंड्याचं चक्र मात्र तिनं मशीनवर घेतलंच नाही. चोवीस आरे हातानं भरले. "ह्ये आपल्या विहारातलंच चक्र हाय," म्हणाली, "ह्याला मशीन न्हाई लावायची."

पंधरा ऑगस्टला पाऊस नुसता भुरभुरत होता. शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर सहा झेंडे टांगलेले, खाली तुमच्या अक्षरात चिठ्ठ्या. आई नवं लुगडं नेसून बायकांच्यात मागे उभी. झेंडावंदन झालं आणि तालुक्याहून आलेले पाहुणे, ज्यांच्या एका शब्दावर मास्तरांच्या बदल्या व्हायच्या, तुमच्याबरोबर झेंडे बघत निघाले. पहिला बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्याशी थांबले. "ह्यो इंग्रजाचा झेंडा कुणी लावला राव हितं? आज? पन्नासाव्या वर्षाला?" तुमच्या हातात ते पुस्तक होतं, सर. बगलेत धरलेलं. नुसतं उघडायचं होतं. पान कुठलं ते मलासुद्धा पाठ होतं. तुम्ही पुस्तक दुसऱ्या बगलेत घेतलंत आणि म्हणालात, "शिवणाऱ्या बाईंची काहीतरी गडबड झाली, साहेब. माझ्या नजरेतून सुटलं." गर्दीतून कोणीतरी बोललं, "निळं दिसलं की लावलं असंल ह्यांनी." लोक हसले. तुम्हीही हसलात. मोठ्यानं नाही, पाहुण्यांना दिसेल एवढंच.

घाटघरला बदली झाली असती तुमची, फार तर. नाणेघाटाच्या तोंडाशी दोन-तीन वर्षं काढावी लागली असती. तिथे काय माणसं राहत नाहीत? तिथली पोरं शिकत नाहीत? एवढ्याच भीतीपायी तुम्ही एका बाईला साऱ्या गावासमोर तोंडघशी पाडलंत आणि स्वतः नामानिराळे राहिलात. आई पुढे आली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. मला वाटलं आता ती सांगेल, कागद तुमच्या शाळेतून आला होता. ती म्हणाली, "पोरीचं काय न्हाई त्यात, सर. माझ्याच हातनं झालं. ऱ्हायलेलं कापड जोडलं मी." तिला वाटलं होतं की चित्र काढताना मी चुकले. मला बोलणी बसू नयेत म्हणून तिनं ते आपल्या अंगावर घेतलं. तुम्ही कुठून तरी ब्लेड मागवलंत आणि तिला पायरीवर बसवून तो कोपरा उसवायला लावलात. वर तिला सांगितलंत, "बाई, कापड जमिनीला लागता कामा नये." ती मांडीवर झेंडा घेऊन टाका-टाका काढत होती आणि तुम्ही पाहुण्यांना सहाव्यापाशी नेऊन चक्र दाखवत होतात, "हे आमच्या शाळेनं केलंय, हातानं." चुकलं ते बाईचं, आणि चक्र शाळेचं. व्वा, सर.

तुमच्याबद्दलचं हे सगळं मी खूप वेळा घोळवलंय. घासून घासून गुळगुळीत झालंय ते. पण त्यानंतरचं मी फारसं घोळवत नाही. त्यानंतर माझं भाषण होतं, सहा झेंड्यांवर, तुम्ही लिहून दिलेलं. मी पुढे जाताना तुम्ही वाकून माझ्या कानात म्हणालात, "तिसरा गाळ. दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जा." समोर माईक होता. पायरीवर आई होती, तिच्या ओटीत तो कोपरा होता. मला तिसऱ्यावरचं एकच वाक्य बोलायचं होतं, ते पाठ होतं, तुम्हीच पाठ करून घेतलेलं. मी दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेले. अडखळलेसुद्धा नाही. टाळ्या पडल्या, आईनंही ब्लेड खाली ठेवून वाजवल्या, आणि तुम्ही पाहुण्यांच्या हातून मला कंपासपेटी दिलीत. नवी, पिवळी, आतल्या साहित्याला तेलाचा वास असलेली.

आईनं त्यानंतर झेंडा शिवला नाही. आता लोकांना घरावरही तिरंगा लावता येतो. मागे शेजारच्या भाऊंनी विचारलं, "मावशी, आमच्या घरासाठी एक शिवून द्या की, खादी मी आणतो." ती म्हणाली, "नगं भाऊ, त्यात माझ्या हातनं चुकतं." ज्या बाईनं चोवीस आरे एका मापाचे भरले, तिनं हे म्हणावं! मी तिथेच भांडी पुसत उभी होते. तक्ता आला त्या दिवशीही मी घरी येऊन ताट वाढून घेतलं, भीमाशंकरच्या एसटीला किती गर्दी होती ते सांगितलं, आणि तक्त्याचं काही बोलले नाही.

कारण त्या पंधरा ऑगस्टला दुपारी, स्वयंपाकघरात, तिनं मला विचारलं होतं. रागानं नाही. भाकरी थापता थापता, पाठमोरी. "खरं सांग, तसं काढायला तुला सरांनी सांगितलं व्हतं का?" कंपासपेटी माझ्या मांडीवर होती. हो म्हणाले असते तर ती तशीच, पिठाच्या हातानं शाळेत आली असती, हे मला माहीत होतं. मग पेटी गेली असती, पहिल्या बाकावरची जागा गेली असती, तुमचा जीव गेला असता माझ्यावरचा. मी म्हणाले, "नाय. माझंच चुकलं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "असू दे," म्हणाली. "फुडच्या बारीला नीट बघून काढत जा."

तुम्ही तिच्याबद्दल गावात एकदा खोटं बोललात, सर. मी घरात बोलले आणि बारा वर्षं ते चालू ठेवलंय. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, हे खरं. पण ते कुठे जायला हवं ते मला ठाऊक आहे. ती पलीकडच्या खोलीत माझ्या पोलक्याला बटणं लावतेय, आणि तो कोपरा अजून तिच्या बटणांच्या डब्यात तळाशी घडी करून ठेवलेला आहे. मघाशी ती दारात येऊन म्हणाली, "एवढं काय लिहितीस गं?" मी शाळेचं म्हणाले. तिला वाचता येत नाही. म्हणूनच मी हे लिहून काढलं.