डाव्या पॅडचा पट्टा

सोमवार, ५ तारीख
दुकानातून, दुपारी

चि. ढब्बूस ताईचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस. मामांना फोन केला की ते म्हणतात, "अगं, आत्ताच बाहेर पडला." दिवसातून चार वेळा आत्ताच बाहेर पडणारा माणूस घरात शिरतो तरी कधी? म्हणून हे पत्र. पत्राला आवाज लागत नाही हेही बरंच आहे, कारण माझा घसा शनिवारपासून बसलाय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत.

आई ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तक्रार गुडघ्याची नाही, तुझी आहे. "जाताना डबासुद्धा नेला नाही" हे तिने मला, शेजारच्या चष्मेवाल्याला आणि समोरच्या शिंपीणबाईंना एकाच सकाळी सांगितलं. मामी तुला काय खायला घालते ते एका ओळीत कळव, म्हणजे ती जरा शांत होईल.

दुकानात सध्या दातांच्या डॉक्टरांच्या आठ खुर्च्या आल्यात, पेशंट वाट बघत बसतात त्या खोलीतल्या. गंमत म्हणजे सगळ्यांचे हात फाटलेत आणि बैठका नव्यासारख्या. लोक तिथे नीट टेकतच नसणार, नुसते हात धरून बसत असतील. आठही खुर्च्यांना नवं रेक्झिन चढवायचंय. बाबा असते तर दोन दिवसांत संपवल्या असत्या, मला आठवडा लागेल.

आता आपल्या हॉकी संघाचं. ते लिहू नये असं ठरवून बसले होते, पण ठरवणं आणि मी यांचं कधी जमलंय? चौदा सामने झाले. दोन जिंकलो, तीन बरोबरीत, नऊ हरलो. तीस वर्षं मी हा संघ बघतेय. तू सात वर्षांचा असताना तुला खांद्यावर बसवून पहिला सामना दाखवला तो याच संघाचा, आणि इतकं वाईट वर्ष मी एकही पाहिलं नाही. चष्मेवाला म्हणतो, "ताई, आपला संघ बघायला माझ्याकडे खास चष्मा आहे. काळ्या काचेचा." सेंटर फॉरवर्डला कुणीतरी विचारलं, गोल का होत नाहीत? तर म्हणे टर्फवर पाणी कमी मारलं होतं. आधीच्या सामन्यात म्हणाला होता, पाणी जास्त झालं. नाचता येईना, अंगण कधी ओलं तर कधी कोरडं!

खरा रोग एकच आहे: 'चालतंय'. मागे धावायचा कंटाळा आला, चालतंय. पास थोडा मागे गेला, चालतंय. पेनल्टी कॉर्नरला पहिला धावणारा पाऊलभर उशिरा निघाला, चालतंय. बाबा हा शब्द दुकानात काढू द्यायचे नाहीत, आठवतं? "चालतंय म्हटलं की सोफा बसतो," म्हणायचे. आपल्या संघाचा सोफा पार जमिनीला टेकलाय बघ.

शनिवारचं तू मनाला लावून घेऊ नकोस. लोक ओरडले. लोकांचं काय एवढं? कुठल्याही मैदानात, कुठल्याही सामन्यात लोक 'गोलकीपर बदला' म्हणून ओरडतातच. एक कुणीतरी सुरुवात करतं आणि बाकीचे मेंढरांसारखे मागे जातात. आईने घरी रेडिओवर ऐकलं. मला विचारत होती, "पहिल्यांदा कोण ओरडलं गं?" म्हटलं, गर्दी होती, काही कळत नव्हतं.

काल कोच घरी येऊन गेले. तू त्यांना "आता मी गोलमध्ये उभा राहणार नाही, कायमचाच" असं सांगून गेलास म्हणे. त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही. १७ तारखेला शेवटचा सामना आहे, तो हरलो तर आपण खालच्या गटात. दुसरा कीपर अजून कच्चा आहे. बुधवारपर्यंत, १४ तारखेपर्यंत, ते तुझ्या निरोपाची वाट बघतील. कायमचं वगैरे ठरवायला एकतीस हे काही वय नव्हे. ये.

मामा-मामींना नमस्कार.

तुझी,
ताई


शुक्रवार, ९ तारीख
दुकानातून

चि. ढब्बू,

तुझं उत्तर नाही. मीही ते येईल असं धरलं नव्हतं. पण हे पत्र मात्र नीट बसून वाच.

काल संघाचे सामानवाले काका तुझे पॅड घेऊन आले. शेवटच्या सामन्याआधी नेहमी आणतात तसे, तपासणीसाठी. मी विचारलं, काही बिघडलंय का? तर म्हणाले, "विशेष काही नाही. शनिवारी डाव्याचं बकल तो नीट लावायला विसरला. कोचसमोर स्वतःच तसं म्हणाला. तुम्ही आपली एक नजर टाका."

ते गेल्यावर मी डावा पॅड टेबलावर उलटा केला. बकल शाबूत होतं. मधला पट्टाच शिवणीतून सुटला होता, तीन बोटं लांब. शिवण माझी होती.

दोरा ओढून पाहिला तर हातात आला. कुजलेला होता. मेणाचा दोरा नव्हताच तो, सोफ्याचा साधा दोरा होता. मग सगळं आठवलं. हंगामाच्या आधी तू पॅड आणून टाकलेस, त्या दिवशी मेणाचा दोरा संपला होता. एका हॉटेलचे सहा सोफे दारात उभे होते आणि त्यांचा माणूस डोक्यावर. दोरा आणायला बाजारात गेले असते तर अर्धा दिवस गेला असता. मी हातात होता तोच दोरा दाभणात ओवला आणि म्हटलं, चालतंय. पुढच्या आठवड्यात बदलू. सोफ्यावर कुणी पाण्याचा फवारा मारत नाही, टर्फवर मारतात, एवढं मला कळत नव्हतं का? कळत होतं. तो पुढचा आठवडा आलाच नाही.

आणि मागच्या पत्रात मी तुला 'चालतंय' वर प्रवचन दिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता तो गोल मला पुन्हा दिसतोय. पेनल्टी कॉर्नर, चेंडू खालून डावीकडे आला. तू पाय वेळेत टाकला होतास. पॅड उघड्या दारासारखा फिरला आणि चेंडू आतल्या बाजूला लागून जाळ्यात गेला. लांबून वाटलं, याने पाय टाकायचा आळस केला. नंतर बाहेर जाताना तू वाकून डावा पाय धरून चालत होतास. मला वाटलं, लंगडायचं सोंग घेतोय. तू पॅड धरून चालला होतास रे.

तो गोल तुझा नव्हता, माझ्या दोऱ्याचा होता. कोचना मी आज संध्याकाळी जाऊन सांगणार आहे. पण तू बकलाचं का म्हणालास? पट्टा सुटलेला तुला दिसला नसेल असं होणारच नाही.

दोन्ही पॅड पुन्हा शिवलेत. मेणाचा दोरा, दुहेरी टाका. रात्रभर बादलीत बुडवून ठेवले आणि सकाळी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हलत नाही.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट चिकटवलं होतं. ते आता फाडलंय.

पट्ट्याचं सांगून सुटका होईल असं मला वाटलं होतं. म्हणून ते आधी लिहिलं, मोठं करून लिहिलं. दोरा कुणाच्याही हातून चुकतो, त्याची माफी मागायला लाज वाटत नाही. दुसरं लिहायचं होतं ते लिहवत नव्हतं.

लोक ओरडले नाहीत. लोक नंतर ओरडले. आधी मी ओरडले.

या हंगामात मी गोलमागच्या माझ्या जागेवर बसत नाही, तुला माहीत नसेल. तिथे सगळे मला ओळखतात. तुझ्यावर गोल झाला की खेळाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघतात. चौथ्या पराभवानंतर मी समोरच्या बाजूला जाऊन बसायला लागले, जिथे मी कुणाची बहीण नाही. तिथे मी बाकीच्यांसारखी चिडते. आणि खरं सांगायचं तर हंगामभर तुझ्यावरच चिडले होते. मला वाटायचं, तीस वर्षांचा माझा संघ, आणि तो बुडतोय तर गोलमध्ये नेमका माझाच भाऊ उभा! दुसरा कुणी असता तर निदान मोकळेपणी शिव्या तरी देता आल्या असत्या. शनिवारी तो गोल झाला तेव्हा मला तू दिसलाच नाहीस, नुसता गोलकीपर दिसला. उचलली जीभ लावली टाळ्याला. उभी राहिले आणि पोटातून ओरडले, 'गोलकीपर बदला'. एकदा नाही. तीनदा. तिसऱ्या वेळी आजूबाजूचे शंभर जण माझ्याबरोबर होते आणि, काय सांगू तुला, मला बरं वाटलं.

मग कोचनी खरंच बदली केली. शेवटची आठ मिनिटं तू बाकावर हेल्मेट मांडीत घेऊन बसला होतास आणि मी खाली बसले ती उठलेच नाही.

घसा त्यामुळे बसलाय. आई रोज मला कोमट पाणी करून देते आणि शिव्या त्या ओरडणाऱ्यांना देते. मी पाणी पिते आणि मान डोलावते. तिला अजून सांगितलेलं नाही, तुला आधी सांगायचं होतं.

ये असं आता म्हणत नाही, तो अधिकार गेला. पॅड तेवढे शिवून ठेवलेत. तू खेळलास तर तुझे, नाही खेळलास तरी तुझेच.


मंगळवार, १३ तारीख
मामांकडून

ती. ताईस सा. न.

आईला सांग, मामी रोज इतकं वाढते की मला बकलं पुढच्या भोकात लावावी लागतील. मामा खोटं बोलत नव्हते, मी खरंच बाहेर असतो. इथे एक शाळेचं मैदान आहे. भिंतीवर चेंडू मारत बसतो. परत येतो, पुन्हा मारतो.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं तीनदा वाचलं. ता. क. चारदा.

लोकांना वाटतं हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही. उलट सगळं येतं, आणि घुमतं. ताई, पंधरा वर्षं तू मला गल्लीच्या टोकापासून जेवायला हाक मारलीस. 'ढब्बू' मधला 'ढ' जसा खालून उचलतेस तसाच 'गोलकीपर' मधला 'गो' उचललास. पहिल्याच हाकेला ओळखलं. बाकीचे शंभर नंतर आले हे मला तू सांगायच्या आधीपासून माहीत आहे. मी कायमचाच नाही म्हणालो ते त्या शंभरांमुळे नव्हे.

आता पट्ट्याचं. तो सुटला तेव्हाच कळलं होतं, चेंडू जाळ्यात जायच्या आत. जाताना हाताने धरला तो नुसता पॅड पडू नये म्हणून नव्हे, शिवण कुणाला दिसू नये म्हणून. सामानवाल्या काकांनी पाहिली असती तर पुढच्या हंगामापासून पॅड दुसऱ्या दुकानात गेले असते. एवढंच होतं. बाबा गेल्यावर पहिल्या वर्षी सगळे म्हणत होते बाईला हे काम झेपायचं नाही, तेव्हा मी पॅड तुझ्याकडेच शिवायचे म्हणून भांडलो होतो. ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे तू तिकडून ओरडत होतीस आणि मी इकडे तुझा टाका मुठीत धरून चाललो होतो. हे आठवलं की अजून राग येतो. रडूही येतं, पण जास्त राग येतो. आल्यावर मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलणार नाही, ते तू ऐकून घ्यायचं आणि विनोद करायचे नाहीत. कोचना तू सांगितलंस ते त्यांनी मला फोनवर सांगितलं. त्यांचा फोन मी उचलला होता.

आईला तू स्वतः सांग. मी तिथे असताना सांग, म्हणजे ती निम्म्या शिव्या मला देईल.

उद्या सकाळच्या गाडीने निघतो. कोचना निरोप गेलाय. पॅड दुकानातूनच नेईन, काकांकडे देऊ नकोस. सामना हरू, जिंकू, मला सांगता येत नाही, पुढची फळी तीच आहे. पण शनिवारी तू समोरच्या बाजूला बसायचं नाहीस. गोलमागे, तुझ्या जुन्या जागेवर, लोक तोंडाकडे बघतात तिथेच. आणि घसा बरा कर. ओरडायचं असेल तेव्हा नावाने ओरड.

तुझा,
न बदललेला,
ढब्बू