गिटारनं अडवलेली जागा

रामनगर. शनिवार, १२ ऑगस्ट १९९५. दिवेलागण.

धाकट्या भावानं बेंगळूरहून पाठवलेली तिथल्या एका बँडची कॅसेट संध्याकाळपासून लावलीय. ड्रम, गिटार, आणि मधेच आपल्याकडचं भातलावणीचं गाणं! बँडची पोरं इथं जवळच्या कुंभारवाडा गावातल्या कुणा बाईकडून शिकून गेलीत म्हणे. डोळे मिटले की मी बांधावर. पायाखाली गार चिखल, समोर धुकं, आणि धुक्यातून ती ओळ येतेय. पण काहीतरी खटकत होतं. प्रत्येक ओळीनंतर नुसती गिटार. तिथं काय राहिलंय?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. आई. भाकरी थापता थापता नेमकी गिटारच्या जागी गात होती.

मग उमगलं. भातलावणीला बायकांच्या दोन रांगा असतात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी जबाब देते. पोरांनी एकाच बाईला विचारलं, तिनं आपल्या रांगेचं तेवढं दिलं. जबाबाच्या जागी गिटार बसली.

आईला गाताना शेवटचं कधी ऐकलं? जुनं गाव सुप्याच्या धरणात गेलं, पलीकडची रांग कुठं कुठं पांगली. गाणं म्हण म्हटलं की म्हणायची, "एकटीनं कसं म्हणायचं गं?"

आता पिठाच्या हातानं दारात उभी. पुन्हा ती गिटार. पण आईचा जबाब लांब, संथ ठाय लयीतला. अर्ध्यावरच पुढची ओळ सुरू झाली, तशी चिडली. "त्यास्नी जरा थांबा म्हण की! माझं झालं न्हाई अजून."

मी पॉजचं बटण दाबलं. पोरं थांबली.