रिकामा हँगर

तीर्थरूप ताईस,

बटणाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं मनातल्या मनातच). तुझे गुडघे कसे आहेत? जिने कमी चढतेस ना? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी पार थकलोय आणि त्याला आपलं खानदान जबाबदार आहे.

झालं असं, शिलाईचं दुकान कायमचं बंद केल्यावर बाबांच्या मापांच्या वह्या हाती लागल्या. घरातल्या एकेकाचं माप, साल घालून, चाळीस वर्षांचं. लोक घराण्याचा इतिहास लिहितात, वंशावळीत फोटो चिकटवतात. आपल्याकडे फोटो चार, तेही हललेले, आणि आईचा एकही नाही. म्हटलं, आपला इतिहास इंचांत आहे तर इंचांतच मांडू. खाकी कागदावर प्रत्येकाचा खाका बेतला, खऱ्या उंचीचा, खऱ्या रुंदीचा, आणि दुकानातल्या दोरीवर हँगरला लावून पिढीवार टांगला. तीन महिने गेले. (आमच्या हिचं म्हणणं, त्यापेक्षा फिरायला गेला असतात.)

मग रविवारी सगळ्यांना बघायला बोलावलं, तिथेच चुकलं. काकांनी जन्मभर आपली छाती बेचाळीस सांगितली, खाका निघाला छत्तीसचा. वही खोटी आहे म्हणून ते जे कोपऱ्यात जाऊन बसले, ते चहालाही उठले नाहीत. काकूंनी स्वतःचा लग्नातला खाका अंगाला लावून पाहिला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मधले वीस इंच मीच वाढवलेत. आत्या मात्र आजोबांच्या खाक्याला मिठी मारून रडली. खांदा अगदी असाच उतरता होता, म्हणाली. तिच्यामागे सगळेच रडले, कोपऱ्यातून काकासुद्धा. मी वही पुन्हा उघडली, तर ते माप बँकेच्या पहारेकऱ्याच्या गणवेशाचं. दोन पानं चिकटली होती. आत्याला सांगायची माझी छाती होईना (माझी तर छत्तीसचीही नाही). पहारेकरी अजून आजोबांच्या जागी आहे. खरे आजोबा मग बेतले आणि कपाटामागे गुंडाळून ठेवले.

सगळे गेल्यावर दोरीसमोर बसून राहिलो. बाबांशेजारचा हँगर रिकामाच आहे. वह्या तीनदा चाळल्या. पहारेकऱ्याचं माप आहे, आईचं नाही. आधी बाबांचा राग आला. मग तूच कधीतरी सांगितलेलं आठवलं, की तिचं पोलकं ते टेप न लावताच बेतायचे. पाठ होतं, लिहायचं कशाला. ती गेली तेव्हा मी चार वर्षांचा. मला तिची उंची आठवते ती खालून.

बाकी क्षेम. तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
बटण (वय एकसष्ट)

ता. क. तिचं निळं पोलकं तुझ्या ट्रंकेत आहे. ते तू नेलंस म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी नको ते बोललो, आणि त्यानंतरचं हे पहिलं पत्र. म्हणून काका-काकूंवर इतका कागद घालवला. पोलकं परत नको. माप उतरवून घेतो, एक टाकाही उसवणार नाही.

आणखी एक. ते पोस्टाने पाठवू नकोस. पोलक्यावरून उंची कळत नाही. तू तेव्हा तिच्या खांद्याला लागायचीस. तूच ये, दारापाशी उभी राहा आणि हात वर करून दाखव, कुठवर होती ते.