तळ्याकाठचा म्हातारा

ती. आईस,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

आम्हा नर्सचा ताण घालवायला हॉस्पिटलने व्हीआर नावाचं यंत्र आणलंय. जाड चष्म्यासारखं डोळ्यांवर चढवलं की चादरींच्या खोलीत बसल्या बसल्या तळं दिसतं. बदकं, गवत, सगळं; फक्त वारा नाही. तू बघितलंस तर हसशील.

काल माझ्या वॉर्डातले एक आजोबा गेले. मोठ्या सिस्टरांनी मला लगेच ते यंत्र लावून बसवलं. "जरा शांत बस गं," म्हणाल्या. तळ्याकाठच्या बाकावर एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. बदकं राहिली बाजूला, मी त्याची छाती हलतेय का तेच बघत बसले. हलत नव्हती. चित्रातला तो, कशी हलणार? पण मी उठून धावले ती थेट कपाटावर आदळले.

"बरं वाटलं?" सिस्टरांनी विचारलं. मी हो म्हटलं. आम्ही सगळ्याच हो म्हणतो.

कपाळाला थोडं लागलंय, विशेष काही नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? दुपारी ते आडवे झाले की त्यांच्या छातीकडे बघत जा. झोपलेला माणूस नुसता झोपलाय, असं मला आता वाटतच नाही गं.

तुझी,
धाकटी